मशीन थांबली, आवाज चालू

परवा बदलापूरला बँकेत पासबुक छापायला गेले होते. खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली, "काकू, सिस्टीम हँग झालीय. पाच मिनिटं बसा." मी मान वाकडी करून तिच्या स्क्रीनकडे बघितलं. एक निळं चक्र आपलं मजेत गोल गोल फिरत होतं. मी म्हटलं, "अगं, चक्र फिरतंय की! मग हँग कशावरून?" ती म्हणाली, "चक्राचं काय, ते फिरतच असतं." झालं! मला जे हसू फुटलं ते आवरेचना. रखवालदार पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. आता त्या दोघांना काय सांगणार, की असली चक्रं फिरती ठेवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि चक्र फिरतंय म्हणून आत काम चाललंय असं समजू नये हे मला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका ओव्हरलॉकवालीनं शिकवलं!

मी प्रोग्रामर होते. आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी टायपिंग करते. त्यांची चूक नाही, लांबून दिसतं तसंच. पण माझं खरं काम वेगळं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात एखादं जड काम वीस-वीस मिनिटं चाललेलं असतं. त्या वेळात पुढ्यात बसलेल्या माणसाला पडदा मेल्यासारखा दिसू द्यायचा नाही, हे माझं काम. बटण दाबलं तर दबलं पाहिजे, खिडकी ओढली तर सरकली पाहिजे, आत काय चाललंय ते ओळीओळीनं बाहेर दिसलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. अंबरनाथला पिठाच्या गिरणीच्या वर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दीड खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सगळ्यावर पिठाचा हात. की-बोर्ड उलटा करून झटकला तर एका भाकरीची सोय व्हावी. मालक जोगळेकर काका. तिथल्या सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला चार पेनं. शर्ट मुळात पांढरा म्हणून पीठ दिसायचं नाही, एवढाच त्यांचा आणि माझा फरक. मालक ते, नोकर मी. बाकी कुणी नाही.

काकांनी निवृत्तीनंतर सी भाषा शिकून एक प्रोग्राम लिहिला होता. उल्हासनगरात तेव्हा जिकडे बघावं तिकडे जीन्स शिवल्या जायच्या. एका पँटचे पुढचे, मागचे, खिसे, पट्टा असे पंधरा-वीस तुकडे. ते कापडावर मांडायचे कसे, की चिंध्या कमीत कमी निघाव्यात? कटिंग मास्तर हे डोळ्यांनी करतो. काकांचा प्रोग्राम हजारो मांडण्या करून बघायचा आणि त्यातली सगळ्यात काटकसरीची निवडायचा. प्रत्येक मांडणीची एक ओळ पडद्यावर टाकायचा. मोठी ऑर्डर असली की वीस-पंचवीस मिनिटं ओळींचा नुसता धबधबा! काळा पडदा, पांढऱ्या ओळी. काका समोर हाताची घडी घालून बसायचे आणि समाधानानं बघायचे.

पण गिऱ्हाईक काकांसारखं नव्हतं. गिऱ्हाईक होते कॅम्प पाचचे गोबिंद सेठ. आमचं पहिलं आणि एकुलतं एक. त्यांनी काळा पडदा बघितला आणि तोंड वाकडं केलं. "साईं, ये तो डॉक्टर की मशीन लगती है. मेरे को कलर चाहिए, माउसवाला चाहिए. दुकान में पार्टी आएगी, देखेगी, खुश होनी चाहिए."

म्हणून मला नोकरीवर घेतलं. काकांचा प्रोग्राम आत चालणार आणि त्याच्यावर मी विंडोजची रंगीत खिडकी बांधणार. खिडकीनं काकांच्या प्रोग्रामला कामाला लावायचं, तो जे बोलेल ते ऐकायचं आणि सेठना सुंदर करून दाखवायचं. काकांनी पहिल्याच दिवशी अट घातली, "सुनंदा, वर काय हवी ती रांगोळी काढ. माझ्या इंजिनाच्या एका ओळीला हात लावायचा नाही."

मी खिडकी बांधली. हिरवं बटण, निळी पट्टी, कोपऱ्यात पँटचं चित्र. कॅम्प पाचला नेऊन कॉम्प्युटर कटिंग टेबलाशेजारी मांडला. कुणीतरी त्याला हार घातला. सेठनी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि स्वतः हिरवं बटण दाबलं.

पडदा गोठला. माउसचा बाण म्हणजे वाळूचं घड्याळ झालं. बटण दबलेलं ते दबलेलंच. मी म्हणत होते, "आत चाललंय सेठ, थांबा जरा." एवढ्यात मागून "पारला!" असा आवाज आला आणि खटकन सगळा कारखाना बंद. बत्तीस शिलाई मशीनं, पंखे, दिवे, टेप आणि आमचा कॉम्प्युटर. अंधारात लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं नारळाचा हा दुसरा भाग असेल.

दिवे आले तेव्हा मेन स्विचखाली एक ठेंगणी बाई कमरेला पदर खोचून उभी होती आणि सेठ तिला पैसे देऊन थंडा आणायला पाठवत होते. ही शकूबाई. बदलापूरच्या पलीकडच्या गावातून रोज कॅम्प पाचला यायची, कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसायची. मी तिच्यावर खेकसलेच, "अहो, बंद का केलंत?"

"मंग काय करू बाय?" ती म्हणाली. "त्याच्या पोटातला पंखा घुमतंय नि चित्र हालत नाय. मी मेन पारला."

सेठनी मला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं. भिंतीवर हातभर लाल अक्षरांत लिहिलं होतं : मशीन रुकी, आवाज चालू – मेन गिराओ.

आता हा नियम वेडगळ नव्हता बरं का. शिलाई मशीनची मोटर अडकली, नुसती घूंऽऽ करत राहिली आणि फिरेना, तर दोन मिनिटांत जळते. सेठची एकदा अशीच जळली होती, ठिणगी गाठोड्यावर पडली होती आणि अर्धा माल गेला होता. माणसं वाचली हे नशीब. तेव्हापासून नियम : जो आधी बघेल त्यानं कुणालाही न विचारता मेन पाडायचा. पाडणाऱ्याला सेठकडून एक थंडा. बत्तीस माणसांना पाच मिनिटांची सुट्टी. आता सांगा, अशा ठिकाणी वाळूचं घड्याळ दाखवणारा कॉम्प्युटर नेऊन ठेवणं म्हणजे काय! बत्तीस जोडी डोळे माझ्या पडद्यावर. गोठला रे गोठला की शर्यत. आणि शर्यत शकूबाईच जिंकायची, कारण तिचं मशीन मेनच्या खाली होतं.

मी सेठना म्हटलं, "कॉम्प्युटरला तेवढं सोडा ना नियमातून." सेठ हात जोडून म्हणाले, "बेटी, रूल में छेद नहीं करने का. आज कम्पूटर का छेद, कल इस्त्री का छेद." मग यूपीएस बसवला. दुसऱ्या दिवशी शकूबाईनं आधी मेन पाडला आणि मग शांतपणे चालत येऊन यूपीएसचंही बटण दाबलं. "ह्यो पन घुमत व्हता," म्हणाली.

घरी बाबांना सांगितलं. बाबा अंबरनाथच्याच सरकारी कारखान्यात तीस वर्षं फिटर. आई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडे, माझा डबाही तेच करायचे. मला वाटलं माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज चालू आणि मशीन थांबलेली? मग पाडणारीचं बरोबर आहे."

"बाबा!"

"बाबा काय? तुझ्या मशीनला सांगता येत नाही ना, की मी जिवंत आहे? मग लोक काय समजणार?"

बाबांना तो उद्योगच पसंत नव्हता. मी सरकारी परीक्षा दिली होती, पास झाले होते आणि कारकुनाच्या नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं. एका सोमवारी सकाळी दहाला ठाण्याच्या कचेरीत हजर व्हायचं. बाबांचं म्हणणं साधं होतं : "शिकवलं ते पीठ झाडायला नाही. हजर हो." आणि मला तर त्या खिडक्यांचं वेड लागलेलं. शेवटी ठरलं असं की सोमवारच्या आधीच्या शनिवारपर्यंत सेठनी प्रोग्राम घेतला, तर मी राहीन. नाही घेतला तर सोमवारी ठाणे. सेठनीही तोच शनिवार दिला होता. "उसके बाद कम्पूटर वापस, मास्टर जिंदाबाद." म्हणजे माझ्या आयुष्याचं सगळं एका शनिवारी, एका पडद्यावर, आणि मेनखाली शकूबाई.

मी आधी सोपे उपाय केले. 'कृपया थांबा, काम चालू आहे' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. अक्षरं हलत नव्हती. मेन पडला. मग हलणारी कात्री काढली. उघडते, मिटते, उघडते, मिटते. ऑफिसात कौतुकानं तासभर बघत बसले. कॅम्प पाचला बटण दाबल्याबरोबर कात्री जी उघडली ती उघडीच! शकूबाई जाता जाता म्हणाली, "आ वासूनशान मेली गं!"

का मेली, ते मला गिरणीत कळलं. माझ्या खिडकीत काम करणारा माणूस एकच होता. तोच कात्री हलवणार, तोच बटणं ऐकणार आणि तोच काकांच्या प्रोग्रामच्या तोंडाशी जाऊन 'ओळ द्या' म्हणणार. ओळ तयार नसली की हा पठ्ठ्या तिथंच उभा! ओळ मिळेपर्यंत हलायचा नाही. इकडे कात्री तशीच, बटण तसंच. आता खाली गिरणीवाल्याकडे बघा. तोही एकटाच. पण तो पीठ पडायची वाट बघत उभा राहतो का? जात्याच्या तोंडाला कापडी नळी असते, तिच्याखाली डबा. हा गिऱ्हाइकाशी बोलतो, वजन करतो, चुना-तंबाखू मळतो, आणि मधूनच जाता जाता त्या नळीला एक चापट मारून बघतो. पीठ आलंय? डब्यात घेतो. नाही आलं? परत गिऱ्हाइकाकडे. मी जिन्यात उभी राहून अर्धा तास त्याच्याकडे बघत होते. शेवटी त्यानं विचारलं, "ताई, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "सापडलं!" आणि जिना चढले ती दोन-दोन पायऱ्यांनी.

आमच्या धंद्यातही अशी नळी असते. आतला प्रोग्राम बोलतो ते त्या नळीत पडतं आणि दुसऱ्या टोकाला मी उचलायचं. आणि नळीला नुसती चापट मारून 'काही आहे का आत?' असं विचारायचीही सोय असते, हे मी पुस्तकात वाचून सोडून दिलं होतं. आता मी सेकंदाला पाच वेळा चापट मारायचं ठरवलं. असलं तर उचल, नसलं तर कात्री हलव. कुठंही थांबायचं नाही.

लावलं. कात्री चालली! बटण दबलं! पण ओळी येईनात. मग एकदम पन्नास ओळी भसकन. परत सामसूम, परत भसकन. कळलं ते असं, की काकांचा प्रोग्राम काळ्या पडद्यावर बोलताना ओळ-ओळ बोलायचा, पण नळीत बोलायचं म्हटलं की तो ओळी आपल्या पिशवीत साठवायचा आणि पिशवी भरली की ओतायचा. उपाय एकच. त्याला प्रत्येक ओळीनंतर 'पिशवी रिकामी कर' असं सांगायचं. म्हणजे काकांच्या इंजिनात एक ओळ घालायची.

"एक ओळ, काका."

"नाही."

"एकच. आणि तुमच्या हातानंच घाला."

काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वच्छ आंघोळ करून, अष्टगंध लावून आले, मला खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि ती ओळ घातली. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "घातली. आता आयुष्यात परत मागू नकोस." मी मान डोलावली. पोटातलं हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं, ते काकांना पश्चात्तापाचं वाटलं.

आणि मग काय सांगू! ओळी एकामागून एक, कात्री कच कच, निळी पट्टी सरकतेय, खिडकी धरून पडद्यावर कुठेही ओढा, आत काम चालूच! मी खिडकी धरून गरागरा फिरवली. काका म्हणाले, "पुरे, त्याला चक्कर येईल." आम्ही लहान ऑर्डरींवर दहा वेळा चालवून बघितलं. दहाही वेळा सुरळीत.

शनिवार आला. सेठनी माल घेणारी मोठी पार्टी बोलावली होती, सहा साइझची सगळ्यात मोठी ऑर्डर काढून ठेवली होती. काका इस्त्रीत. मी नव्या साडीत, कारण हरले तर निदान साडी तरी चांगली असावी. कापडाचे थर टेबलावर पडलेले, मास्तर हातात खडू घेऊन तयार. सेठनी बटण दाबलं.

कात्री चालली. ओळी वाहू लागल्या. बत्तीस माना वळल्या, बत्तीस तोंडं हिरमुसली. आज सुट्टी नाही! सेठनी माउस धरला, खिडकी इकडून तिकडे ओढली, परत ओढली. "चलता भी है, फिरता भी है!" पार्टीनंही ओढली. सगळ्यांचा चहा झाला. पार्टी म्हणाली, मस्त चीज है. सेठनी काकांचा हात हातात घेतला. "जोगळेकर साहब, पक्का. माल अपना." काकांनी खिशातलं एक पेन काढून परत लावलं. भारी आनंद झाला की ते एवढंच करायचे. मी तर जमिनीवर नव्हतेच. ठाण्याची कचेरी, फायली, टाचण्या, सगळं कुठं लांब गेलं होतं. पार्टी निघून गेली. बाहेर जाऊन एक गिरकी मारून यावी असं वाटत होतं, तेवढ्यात शकूबाई पडद्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"बाय," ती हळूच म्हणाली, "कातर चालतंय. पन कापतंय काय?"

मी बघितलं. कात्री कच कच चालली होती. पण ओळी थांबल्या होत्या. शेवटची ओळ होती चारशे बारावी. आणि मला आठवलं की चहा यायच्या आधी, सेठ खिडकी फिरवत होते तेव्हाही ती चारशे बारावीच होती. आतलं सगळं केव्हाच थांबलं होतं, आणि माझी कात्री वर बसून सगळ्यांना हसून दाखवत होती. इतके दिवस आत काम चालू आणि बाहेर मेलेलं होतं. आता मी बाहेर जिवंत आणि आत मेलेलं बनवलं होतं. मेन पडणार नव्हता. कारण नियमच असा होता, की हलतंय ते चालतंय.

खरं सांगते, त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात पाप आलं. सेठ 'पक्का' म्हणाले होते. पार्टी गेली होती. 'आज इतकंच, सोमवारी येते' म्हणून बंद करून निघाले असते, तर कुणाला काय कळणार होतं? रविवारी बसून चूक शोधली असती. आणि नाही सापडली तर? मास्तर कापडाच्या थरांजवळ खडू घेऊन तसाच उभा होता. काय मांडणी निघते याची वाट बघत. बिचारा अजूनही कात्रीकडे विश्वासानं बघत होता.

मी उठले. शकूबाईच्या मशीनपर्यंत गेले, टाचा उंच करून हात वर केला आणि मेन पाडला.

अंधारात टाळ्या झाल्या. बत्तीस जणांना काय, निमित्तच हवं होतं! सेठ ओरडले, "किसने गिराया? सब चालू था!"

"मी," मी म्हटलं. "सेठ, काही चालू नव्हतं. आत अडकलंय. चहाच्या आधीपासून अडकलंय. माझी चूक आहे. कुठं आहे ते मला माहीत नाही."

दिवे आले. काकांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या इंजिनाला भर चौकात नावं ठेवल्यासारखं दुःख. "माझं इंजिन अडकत नाही," ते म्हणाले. "दहा वर्षांत अडकलं नाही."

"मग ओळी का थांबल्या?"

"मला काय माहीत? तुझी नळी तुंबली असेल."

"नळी रिकामी आहे, काका. मी सेकंदाला पाच वेळा बघतेय!"

आमचं हे तावातावानं चाललेलं असताना शकूबाई मधेच म्हणाली, "दुसरी नली नाय का?"

"कुठली दुसरी?"

"अगो, आमच्या गावान भाताची गिरन हाय. तांदूल येतो एकीकरशी, कोंडा जातो दुसरीकरशी. सगली जना तांदलाकडं बघत बसतान. कोंड्याचा तोंड तुंबला का तांदूल पन बंद. आत जागाच नाय ऱ्हात."

मी म्हटलं, "शकूबाई, कॉम्प्युटरला कोंडा नसतो हो."

आणि काकांनी घसा साफ केला. "असतो," ते म्हणाले. "म्हणजे, तसं बघितलं तर तक्रारी मी वेगळ्या काढतो."

"काय?"

"एखादा तुकडा बसला नाही तर त्याची तक्रार. ती मी मुख्य ओळींत मिसळत नाही. चुकांसाठी वेगळी वाट असते ना, तिथून काढतो. ड्रॉइंग ऑफिसात तशीच शिस्त होती. काम एका रजिस्टरात, तक्रारी दुसऱ्या रजिस्टरात."

"काका! हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

मी तिथंच खुर्चीत बसले आणि हसत सुटले. दुसरी नळी मीच जोडली होती हो! फॉर्मात रकाना असतो म्हणून आपण भरतो ना, तशी जोडली होती आणि विसरून गेले होते. लहान ऑर्डरीत तक्रारी चार-दोन, नळीत मावायच्या. सहा साइझच्या ऑर्डरीत तक्रारीच तक्रारी. नळी गच्च भरली. काकांचा शिस्तप्रिय प्रोग्राम पुढची तक्रार हातात घेऊन उभा, की कुणीतरी जागा करून देईल, मग आपण पुढचं काम करू. आणि मी पहिल्या नळीला चापट्या मारत उभी, की पुढची ओळ कधी येईल. तो माझी वाट बघतोय, मी त्याची. वरती कात्री कच कच.

दोन तास लागले. चापट दोन्ही नळ्यांना मारायची, एवढंच. तक्रारी खालच्या बाजूला लाल अक्षरांत दाखवल्या. बटण दाबलं. चारशे बारा गेली, चारशे तेरा आली, आणि सगळी मशीनं थांबवून लोक उभे राहून बघायला लागले. खाली लाल ओळी पडत होत्या. काकांनी त्या कधी काळी रोमन अक्षरांत मराठीत लिहिल्या होत्या, आणि आजवर त्या कुणी वाचल्याच नव्हत्या. 'मागचा खिसा बसत नाही. तीनदा प्रयत्न केला.' 'पट्टा बसत नाही. कापड अरुंद आहे, यात माझा दोष नाही.' मी मोठ्यानं वाचत होते आणि अख्खा कारखाना पोट धरून हसत होता. काका लाल झाले. पण सेठ हसले नाहीत. ते खुर्ची ओढून बसले. "ये लाल वाला असली माल है," म्हणाले. "पट्टा किधर अटकता है, मास्टर ने बीस साल में नहीं बताया." मास्तर म्हणाला, "आपने पूछा नहीं, सेठ." काकांनी मास्तराकडे भावासारखं बघितलं.

पंचविसाव्या मिनिटाला मांडणी निघाली. मास्तरनं ती टेबलावर आखून बघितली, दोन बोटं कापड वाचलं म्हणाला, आणि पहिला काप घातला.

मी सेठसमोर उभी राहिले. "मघाशी तुम्ही पक्का म्हणालात ते मी धरत नाही. आता सांगा."

सेठ म्हणाले, "बेटी, तब मैंने कैंची देख के बोला था. अब तेरे को देख के बोलता हूँ. पक्का." आणि नेहमीसारखे शकूबाईला पैसे दिले, थंड्याचे.

ती गेली, बाटली घेऊन आली, आणि सरळ माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, "अहो, चूक तुम्ही पकडलीत. थंडा तुमचा."

"नाय गं बाय," ती म्हणाली. "मी नुस्ता बघला. मेन कोनी पारला? ज्यानं पारला त्याचा थंडा. रूल हाय."

बत्तीस लोकांसमोर मी ती बाटली उभ्या उभ्या संपवली. नंतर बरीच बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या, एकदा एका कंपनीनं घड्याळ दिलं ते दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. पण तो थंडा नाकात गेला तेव्हा जे ठसका लागून हसले, तसं परत हसले नाही.

त्यानंतर मी आयुष्यात जिथं जिथं फिरणारी, हलणारी चित्रं बांधली, तिथं एक नियम पाळला : आत खरंच काही सरकलं तरच बाहेर हलायचं. ओळ आली तर कात्री एकदा मिटणार. नाही आली तर नाही. पुढे मोठ्या कंपनीत साहेब लोक म्हणायचे, मॅडम, चक्र सतत फिरू द्या ना, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मी म्हणायची, गिऱ्हाइकाला बरं वाटण्यासाठी मी खोटं फिरवत नाही. दोन ठिकाणी यावरून भांडले, एका ठिकाणी नोकरी सोडली. आता मात्र बँकेत बघते तर सगळ्या देशात फुकटची चक्रं फिरतायत. माझं कोण ऐकणार! शकूबाईला मात्र कॉम्प्युटरवर बसवायचं राहून गेलं, याची खंत आहे. सेठना दोनदा बोलले होते मी. तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं. चूक शोधायचे माझ्यापेक्षा चांगले डोळे होते त्या बाईला, आणि ते ओव्हरलॉकवर गेले.

त्या शनिवारी संध्याकाळी घरी आले. ठाण्याचं पत्र टेबलावर होतं, बाबांनी त्यावर पेपरवेट ठेवलेलं. मी पर्समधून थंड्याच्या बाटलीचं बूच काढलं आणि पत्रावर ठेवलं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"बक्षीस."

"कशाबद्दल?"

"मेन पाडल्याबद्दल."

मी सगळं सांगितलं. पापाचं अर्धं मिनिटसुद्धा. बाबा म्हणाले, "म्हणजे पंखा घुमत होता, चित्र हलत होतं, सगळे खूश होते, आणि तरी तू पाडलास."

"हो."

बाबांनी बूच उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि बुद्धांच्या तसबिरीपाशी नाही, तर त्यांच्या कारखान्याच्या जुन्या पान्यांच्या पेटीत ठेवलं. तिथं ते कुणालाही काही ठेवू द्यायचे नाहीत. मग पत्राची घडी घातली.

"सोमवारी कॅम्प पाचला किती वाजता जायचंय?" त्यांनी विचारलं. "त्या हिशेबानं डबा करतो. आणि भाकरी दोन जास्त देतो, त्या बाईला दे."